धोरणं बदलतात तेव्हा शिक्षकाचं शिक्षकपण कुठे जातं?

राधानगरी तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेतल्या ताईंनी विचारलं आहे: "सरकार बदललं, मंत्री बदलले की नवं अभियान येतं. आधीचं मुरायच्या आत बंद होतं. या सगळ्यात मी शिक्षिका आहे की माहिती भरणारी कर्मचारी, हेच कळेनासं झालंय. राजकारणातून येणाऱ्या सुधारणांचा शिक्षकाच्या व्यावसायिक ओळखीवर खरंच परिणाम होतो, की हा माझा एकटीचा थकवा आहे? आणि होत असेल तर टिकायचं कसं?"

ताई, परिणाम होतो. हा तुमच्या एकटीचा थकवा नाही. मी बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पुढे केंद्रप्रमुख (जवळपासच्या शाळांच्या गटाचा, म्हणजे केंद्राचा प्रमुख) झालो, आता नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात असतो. या काळात आदेशांनी खचलेले शिक्षक पाहिले, तसे एखाद्या सुधारणेनं उभारी धरलेलेही पाहिले. माझ्या मते फरक आदेशांच्या संख्येनं पडत नाही. 'या मुलासाठी आज काय करायचं' हे ठरवायचा अधिकार त्या सुधारणेनं शिक्षकाकडे ठेवला की काढून घेतला, त्यावर सगळं ठरतं.

राजकारणातून आलेली सुधारणा म्हणजे वाईटच, असं कोल्हापुरात राहून तरी म्हणता येणार नाही. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. तो निर्णय पूर्णपणे राजकीय होता. विद्या आणि सत्ता कुणाच्या हातात राहणार, हा त्यामागचा प्रश्न होता आणि त्याला विरोधही तसाच झाला. आदेश वरूनच आला होता, पण शिक्षकाला दिलेलं काम शिकवण्याचंच होतं, आणि ज्या घरात कधी पाटी गेली नव्हती त्या घरातलं पोर समोर बसलं होतं. पुढे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. देशाचं शिक्षण धोरण लिहिणारा माणूस आपल्या डोंगराळ भागातल्या शाळा आतून ओळखत होता. त्यामुळे राजकारण नको, धोरण नको, असं माझं म्हणणं नाही. शिक्षणात काय बदलायचं हे लोकांनी निवडून दिलेल्या सरकारनंच ठरवायचं असतं.

मग बिघडतं कुठे? आधी शिक्षकाचा निर्णय म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगतो.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कागल, शिरोळ, हातकणंगल्याकडे मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. दिवाळीनंतर वर्गात एक नवं पोर येऊन बसतं. कधी शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला आधीच्या शाळेनं दिलेलं कार्ड) घेऊन, कधी तसंच. कागदावर तिसरीत, पण जोडाक्षर वाचता येत नाही. मात्र गाडीत किती मोळ्या चढल्या हे त्याला तोंडपाठ. अशा एका मुलासाठी माझ्या केंद्रातल्या बाईंनी तिसरीचं गणिताचं पुस्तक बाजूला ठेवलं. उसाच्या वाड्याच्या दहा-दहा काड्या बांधून मोळ्या केल्या आणि दशक-एकक तिथून सुरू केलं. मोळी सोडली की दहा सुट्या, हे त्याला एका दुपारीत कळलं, आणि हातच्याची वजाबाकी पुस्तकातली मुलं अडखळत होती तेव्हा हा करून दाखवत होता. मग बाईंनी त्यालाच बाकीच्यांना शिकवायला बसवलं. वाचनासाठी त्याच्याच तोंडून तांड्यावरच्या गोष्टी लिहून घेतल्या आणि त्याच त्याला वाचायला दिल्या.

पुस्तक कधी बाजूला ठेवायचं, मोळीपासून का सुरू करायचं, गोष्ट कुणाची घ्यायची, हे सगळं बाईंनी ठरवलं. कुठल्याही परिपत्रकात ते नव्हतं. शिक्षक म्हणून त्यांची ओळख असेल तर ती इथे आहे. आता यंत्रणेच्या बाजूनं बघा. मूल आलं तेव्हा वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी होऊन गेलेली होती. वर्षअखेरची चाचणी यायच्या आत टोळी परतली. बाईंच्या चार महिन्यांच्या कामाची नोंद होईल असा रकाना कुठेच नव्हता. त्याच काळात उपक्रमाचा फोटो वेळेत चढवला नाही म्हणून त्यांच्या शाळेचं नाव मात्र ग्रुपवर लाल अक्षरात आलं. असं वारंवार झालं की माणूस हळूहळू रकान्यासाठी काम करायला लागतो. तो आळशी झालेला नसतो. आपल्या ज्या कामाला आपण मोल देतो त्याला वर कुणी विचारत नाही, हे त्याला कळलेलं असतं.

याच्या उलटही होतं, आणि ते मी जवळून पाहिलं आहे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शिक्षकांनी आपल्या विस्तार अधिकाऱ्यांबरोबर बसून वर्गाची घडी बदलली होती. खडे, काड्या, कार्डं, फरशीवरची आखणी, मुलं गटात बसलेली आणि शिक्षकही खाली बसलेला. राज्यभरातून शिक्षक तिथे बघायला जात होते, आमच्या जिल्ह्यातूनही गाड्या भरून गेले. परत आलेल्यांच्या बोलण्यात वेगळीच धग होती. रात्री उशिरापर्यंत कार्डं कापत बसायचे, एकमेकांच्या शाळेत जायचे, 'माझ्याकडे हे चाललं नाही, तुझ्याकडे कसं चाललं' असं विचारायचे. अधिकाऱ्याला दाखवायला कुणी काही करत नव्हतं. आपल्यासारख्याच शिक्षकांनी हे उभं केलंय तर आपणही करू, एवढीच त्यामागची भावना होती. माझ्या नोकरीतला तो सर्वांत जिवंत काळ.

मग २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला. हेतू उत्तम होता. 'प्रत्येक मूल शिकू शकतं' हे वाक्य सरकारी कागदावर येणं ही मोठी गोष्ट होती, आणि अनेक शाळांत मुलं खरंच वाचायला लागली. पण पद्धत अभियान झाली की तिला उद्दिष्ट चिकटतं, तारीख चिकटते. किती शाळा प्रगत झाल्या, किती राहिल्या, हा आकडा दर आढाव्यात विचारला जाऊ लागला. मग फरश्या रंगवायला रंगारी आले. एका वाडीवर पहिलीत मोजकी पाच मुलं, आणि फरशीवर भल्यामोठ्या वर्गाला पुरेल एवढी आखणी. तीच चित्रं, तेच रंग, शेजारच्या गावातही तेच. काही शाळांत मुलांनी त्या आखणीवर बसू नये म्हणून सांगितलं जायचं, कारण भेट होईपर्यंत रंग टिकायला हवा. ज्या गोष्टीनं शिक्षकाला आपण कर्ते आहोत असं वाटलं होतं, तीच गोष्ट तपासणीच्या यादीत गेल्यावर त्याला अंमलबजावणी करणारा हात करून गेली. पद्धत तीच, साहित्य तेच, शिक्षकही तोच.

त्याआधी २०१० च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचंही हेच झालं. कल्पना शिक्षकावर पूर्ण विश्वास ठेवणारी होती: गुण देऊन मोकळं होऊ नका, मुलाकडे वर्षभर बघा आणि काय दिसलं ते आपल्या शब्दांत लिहा. 'विशेष प्रगती', 'आवड-छंद', 'सुधारणा आवश्यक' असे प्रगतिपत्रकावर रकाने आले. डॉक्टरच्या निदानाला जो मान असतो तसा मान शिक्षकाच्या नोंदीला मिळू शकला असता. पण प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी ठरलेल्या दिवशी पूर्ण हव्यात, आणि तपासणारा नोंद भरली आहे का एवढंच बघणार, असं झालं. वर्षभरात बाजारात तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका आल्या. 'वर्गात सक्रिय सहभाग घेतो' हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती मुलांच्या नावावर उतरलं असेल! मला याचा राग शिक्षकांवर कधीच आला नाही. शिक्षकाची नजर मागणारी सुधारणा त्या नजरेला वेळ द्यायला तयार नव्हती.

तुमच्या मनात आता जो प्रश्न आहे, 'शिक्षिका की माहिती भरणारी', तो पुढच्या टप्प्यातला आहे. सरल आणि यू-डायस या शाळा-विद्यार्थ्यांची माहिती भरायच्या ऑनलाइन प्रणाली, पोषण आहाराचं ॲप, हजेरीचा बॉट, प्रत्येक मुलाचा अपार ओळख क्रमांक, हर घर तिरंगाचे फोटो, परीक्षा पे चर्चाची नोंदणी, महावाचन उपक्रमाचं अपलोड. एकेक घेतलं तर कशालाही फार आक्षेप घेता येत नाही. पण डोंगरातल्या शाळेत हे कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. परिपाठ संपतो, तोवर ग्रुपवर 'बारापर्यंत लिंक भरा' असा निरोप येतो. रेंज वर्गात नाही, पटांगणाच्या कोपऱ्यात गडग्यावर उभं राहिलं तर मिळते. दुसऱ्या बाई प्रशिक्षणाला गेलेल्या. चौथीतली एक मुलगी पहिली-दुसरीला पाढे म्हणायला लावते आणि शिक्षिका हात वर करून मोबाइल धरून उभी असते. मुलं ते रोज बघतात. गावातली माणसंही रस्त्यानं जाता-येता बघतात, आणि 'बाई मोबाइलवर असतात' हे गावभर होतं. जे काम शासनानं सांगितलं त्यामुळेच गावातली पत जाते. शिक्षकाची ओळख त्याच्या मनात असते तशी गावाच्या डोळ्यांतही असते. या दुसऱ्या नुकसानाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

गेल्या दहा वर्षांत थेट शिक्षकाच्या प्रतिमेला हात घालणारे निर्णयही आले. २०१६ च्या अखेरीस विद्यार्थ्यांबरोबर सेल्फी काढून हजेरी सिद्ध करायला सांगितलं गेलं. विरोधामुळे ते मागे पडलं. २०२२ मध्ये वर्गात शिक्षकांचे फोटो लावायचं फर्मान निघालं, म्हणजे शिकवणारी व्यक्ती हीच आहे ना, हे कुणालाही पडताळता यावं. मार्च २०२४ मध्ये पेहरावाची संहिता आली आणि त्याबरोबर नावाआधी इंग्रजीत 'टीआर', मराठीत 'टि' लावायला सांगितलं, डॉक्टर-वकिलांसारखा मान मिळावा म्हणून. डॉक्टरचा मान त्याच्या नावामागच्या अक्षरात नसतो. कोणतं औषध द्यायचं हे त्यानं ठरवलं की ते बदलायला कुणी मध्ये येत नाही, त्यात तो असतो. शिक्षकाला उपाधी दिली आणि पाठाचं नियोजन मात्र आठवडावार छापून आलं, तर त्या उपाधीनं काय साधणार?

निर्णय उलटसुलट फिरतात तेव्हा गावात उत्तर द्यायला शिक्षकच उभा असतो. 'एक राज्य, एक गणवेश' २०२४-२५ मध्ये राज्य पातळीवरून राबवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. मधल्या काळात खांद्यावरून ओघळणारा शर्ट हातात घेऊन आलेल्या आईला शिक्षिकेनं काय सांगायचं होतं? पाठ्यपुस्तकांत कोरी पानं घातली आणि २०२५ च्या सुरुवातीला ती काढायचं ठरलं. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचं तर अगदी ताजं आहे: १६ एप्रिल २०२५ ला हिंदी अनिवार्य, १७ जूनला शब्द बदलून पुन्हा आदेश, २९ जूनला दोन्ही रद्द आणि समिती. भाषेच्या त्या वादात पक्ष बोलले, साहित्यिक बोलले, वाहिन्यांवर चर्चा झाल्या, आणि ते गरजेचंही होतं. पण पहिलीच्या वर्गात बसून सहा वर्षांच्या मुलाला 'क' गिरवायला लावणारी बाई त्यात कुठे होती? सहा वर्षांच्या मुलाला एका वेळी किती लिपी, किती ध्वनी पेलतात, याचं रोजचं ज्ञान तिच्याकडे आहे. तिला विचारलं गेलं नाही, आणि खंत ही की आपलं मत महत्त्वाचं असेल असं बऱ्याच जणींना वाटलंही नाही. ओळख झिजते ती अशी. 'आपल्याला कोण विचारतंय' हे वाक्य शिक्षक कक्षात सहज येऊ लागलं की समजावं, नुकसान आत पोचलं आहे.

नेमणुकीच्या अटींबद्दल थोडंच बोलतो, कारण त्यावर संघटना सतत बोलतात. तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर, तेही दीर्घकाळ महिना ६,००० रुपयांवर, २०२३ मध्ये ते प्राथमिकला १६,००० झालं. २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी ठेवायचा निर्णय आला आणि राज्यभर मोर्चे निघाले. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सेवेत पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हायला सांगितलं. तो निर्णय न्यायालयाचा आहे, राजकीय अभियान नव्हे. शिक्षकाची पात्रता तपासावी हे मला मान्य आहे. पण वीस वर्षं वाडीवर शिकवलेल्या माणसाची पात्रता त्याच्या वर्गात बसून, त्याच्या मुलांचं वाचन ऐकून जितकी कळते तितकी पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत कळत नाही. आणि वर्गात बसून शिकवणं पारखणारी माणसं आपल्या व्यवस्थेत फार थोडी उरली आहेत. केंद्रप्रमुखाचं पद त्यासाठीच निर्माण झालं होतं. त्याचंही टपाल गोळा करणं झालं.

हे आपल्यापुरतं नाही. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्यानं राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, १९९२ मध्ये तपासणीसाठी ऑफस्टेड ही यंत्रणा आली, आणि शाळांना एका शब्दात दर्जा देण्याची पद्धत रुळली. शिक्षकांवरच्या ताणाची चर्चा तिथे अनेक वर्षं झाली. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी तो एका शब्दाचा शिक्का बंद करावा लागला.

आपल्या बाजूचंही एक सांगायला हवं. सगळी ओळख वरूनच पुसली जाते असं नाही. भुदरगड, राधानगरी, कागलचे शिक्षक शिष्यवृत्ती परीक्षेसाठी सकाळी लवकर, सुट्टीत जादा तास घेतात. कुणाच्या आदेशानं नाही. गुणवत्ता यादीत मूल आलं की गावात मिरवणूक निघते आणि शिक्षकाचं नाव निघतं. ही त्यांनी स्वतः कमावलेली ओळख आहे, तिचा मला अभिमान आहे. पण काही शाळांत याच ओढीनं यादीत न येणारी मुलं मागच्या रांगेत गेली. म्हणजे शिक्षकानं निवडलेली ओळखही आपोआप चांगली होत नाही, तीही आपसात तपासत राहावी लागते. त्याचप्रमाणे 'वरून आलंय, करून टाकू' ही सोयीची आड घेऊन वर्गातली जबाबदारी टाळणारे सहकारीही आहेत. त्यांच्यामुळे पुढचा आदेश आणखी अविश्वासानं लिहिला जातो.

आता टिकायचं कसं, ते विचारलंत.

येणारं प्रत्येक काम सारख्या ओझ्याचं समजू नका. नवा उपक्रम आला की वर्गात काय, कसं, कुणासाठी यातलं ठरवायला त्यात जागा आहे का ते बघा. जागा असेल तर तो मनापासून घ्या, आपल्या पद्धतीनं वाकवा. नुसती नोंद मागणारा असेल तर नोंद वेळेत द्या आणि मन त्यात अडकवू नका. कायद्याचा आधारही माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर संघटनांनी बहिष्कार टाकला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये शासनानं शैक्षणिक-अशैक्षणिक कामांचं वर्गीकरणच काढलं. ते छापून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. पुराच्या वेळी, २०१९ ला आणि २०२१ ला, शिरोळ-करवीरच्या शाळा निवारा झाल्या आणि शिक्षक रात्रंदिवस राबले, त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही. कोणतं काम आपलं आणि कोणतं लादलेलं, हे शिक्षकाला चांगलं कळतं. ते लेखी, सभ्य भाषेत, मुख्याध्यापकांमार्फत सांगायची सवय लावा.

मसुदे खुले होतात तेव्हा लिहा. मे २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखडा हरकतींसाठी खुला झाला होता. सुट्टी होती, बहुतेकांनी पाहिलाही नाही. तुमच्या वर्गातलं एक खरं उदाहरण असलेली अर्ध्या पानाची सूचना, संघटनेच्या छापील निवेदनापेक्षा मला अधिक मोलाची वाटते. पालक सभेतही निधी आणि गणवेशावर न थांबता 'तुमचं मूल वाचायला कसं शिकतंय' हे पंधरा मिनिटं दाखवा. गावाच्या डोळ्यांतली पत तिथे परत मिळते.

आणि शिक्षण परिषद वाचवा. महिन्यातून एकदा केंद्रातले शिक्षक एकत्र येतात, आणि तो दिवस सूचना वाचण्यात जातो. त्यातला एक तास मागून घ्या. केंद्रप्रमुख बहुतेक वेळा देतात, त्यांनाही ते हवंच असतं. पुढच्या परिषदेला तुमच्या दुसरीच्या मुलांनी सोडवलेल्या हातच्याच्या वजाबाकीच्या आठ-दहा पाट्यांचे फोटो किंवा कागद घेऊन जा, नावं झाकून. प्रत्येक चूक कुठून आली असेल हे चार शिक्षकांना विचारा. एखादं मूल मोठ्या अंकातून लहान वजा करतं, एखादं हातचा घेतं पण दशकातून कमी करत नाही, एखाद्याला शून्याशी काय करायचं ते कळत नाही. प्रत्येक चुकीला उपाय वेगळा लागतो. तुम्ही काय केलंत ते सांगा, त्यांनी काय केलं ते ऐका, आणि जुलैत काय चाललं, काय नाही ते ऑगस्टच्या परिषदेत पुन्हा मांडा.